काडेपेटीवाल्याचा अंगठा

त्या सकाळी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत झाडून सगळे मेण भरलेल्या पिंपाभोवती जमले होते. पिंपात न्यूट्रॉन सोडणारा स्रोत होता. समोर पाहुणे संशोधक डोळे मिटून उभे, हातात न्यूट्रॉन मोजणारी काडेपेटीएवढी डबी.

"हे नुसतं यंत्र नाही, हिला जाणीव आहे," ते म्हणाले. "सध्या माझ्याच हाताला वश आहे. तुमचीही श्रद्धा बसली की तुमच्याशीही बोलेल."

डबी पिंपाजवळ गेली आणि टिकटिकू लागली. मोठ्या साहेबांनी चक्क हात जोडले.

माझा नुसता जळफळाट झाला. न्यूट्रॉन मोजणारं यंत्र लहान करण्यात मी अकरा वर्षं घालवली होती आणि ते अजून कलिंगडाएवढंच होतं.

"तुमचं कलिंगड आता भंगारात टाका," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "सोमवारपासून रुग्णालयातल्या किरणोपचाराच्या खोलीत ही डबी."

त्या खोलीत माझी धाकटी बहीण काम करते. डबी तिच्याच खिशाला लागणार म्हणून ती बघायला आली होती. डबी खोटी निघाली तर किरणांचा मार तिच्या अंगावर. तरी खरं सांगतो, त्या क्षणी मला काळजी होती ती कलिंगडाची.

"भोंदू आहे हा," मी तिच्या कानात म्हणालो.

"कशावरून?"

मला सांगता येईना.

"म्हणजे तू जळतोयस, दादा. रिकामी मोजणी घेतली का कुणी?"

मी वरमलो. स्रोत लांब ठेवून आधी रिकामी मोजणी घ्यायची, हा आमचा पहिला धडा. सगळे भारावले होते, मी धुमसत होतो. धडा कुणालाच आठवला नाही.

चहाच्या सुट्टीत तिने भांडारपालांकडून पिंप बदलून हुबेहूब तसंच दुसरं ठेवून घेतलं. पाहुण्यांनी पुन्हा डोळे मिटले. डबी आणखी जोरात टिकटिकली.

"बघा, किती प्रसन्न झालीय!"

"या पिंपात काहीच नाहीये," बहीण म्हणाली. तिने डबी घेऊन खऱ्या पिंपावर ठेवली. चिडीचूप. मग उचलून अंगठ्याने दाबली. टिक, टिक, टिक.

"पत्रा दाबला की आतली तार थरथरते, आणि डबी तेच न्यूट्रॉन म्हणून मोजते. यांचा अंगठा बघत होते मी."

"श्रद्धा नसली की असंच—" पाहुणे म्हणू लागले.

"न्यूट्रॉनला कसली आलीय श्रद्धा!"

"कलिंगड राहू दे," म्हणत साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"फार खूश होऊ नकोस," बहीण म्हणाली. "डबी खरी असती, तरी तू खोटीच म्हणाला असतास."

खरं होतं ते. भक्तांनी तपासलं नाही, आणि मीही नाही. म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडू नका आणि नाकही मुरडू नका. आधी तपासा. चूक झाली तर भोगणारं माणूस आपल्याच घरातलं असतं.