बुवापाडा, महिला, पन्नासच्या वर: एक

गिऱ्हाइकाला सर्व्हेची माहिती स्वतःच्या हाताने चाळता यावी म्हणून आम्ही डॅशबोर्ड बनवतो. ‘आम्ही’ म्हणजे मी. देवदत्त सर फक्त ‘आपण बनवू’ म्हणतात आणि चहा मागवतात. पूर्वी सर्व्हे झाला की साठ पानांचा रिपोर्ट जायचा, तो कोणी वाचायचं नाही आणि सगळे सुखात असायचे. आता लिंक आणि पासवर्ड जातो. मग गिऱ्हाईक वय, वस्ती, बाई की बुवा असले फिल्टर लावत बसतं आणि दर पाच मिनिटांनी मला फोन करतं.

यात एक नियम असतो. फिल्टर लावता लावता तीसपेक्षा कमी माणसं उरली की आकड्याच्या जागी नुसती रेघ दिसते. इतक्या कमी माणसांवरून काही ठरवू नये हे एक, आणि कोण काय बोललं ते ओळखू येऊ नये हे दुसरं. नाव गुप्त राहील असं लोकांना सांगितलेलं असतं.

टेकचंदशेठला ती रेघ बघवेना. उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये त्याचा पापडाचा कारखाना, आणि त्याचा पापड लोकांना कसा वाटतो याचाच सर्व्हे होता. खाली बायका लाटतात, वर ऑफिस. त्याने फोन केला, “सर्वे मेरा, और मुझसेच छुपाते हो?” देवदत्त सर म्हणाले, “काढून टाक ना ती रेघ. कोण बघतंय?” मी काढली. दोन मिनिटांचं काम होतं, आणि वाद घालायला अर्धा तास गेला असता.

आता मला न आवडणारी गोष्ट सांगते. खाली लाटणाऱ्या बायकांमध्ये माझी आई आहे. रखमा, अकरा वर्षं तिथेच. रोज बुवापाड्यातल्या आमच्या घरून शेअर रिक्षाने जाते. तिने लाटलेल्या पापडांवर माझं शिक्षण झालं, आणि ऑफिसात मी ‘आई घरीच असते’ असं सांगते. शेठलाही बोलले नव्हते. कामाची लाज वाटते, आईची नाही, असं मी स्वतःला बजावायचे. पण वाटायची ती आईचीच.

शेठला डॅशबोर्ड शिकवायला गेले तर त्याने सिंधी रिवाजाप्रमाणे पाण्याबरोबर भाजलेला पापड पुढे केला. तो खात खात मी त्याला कुठे क्लिक करायचं ते दाखवलं. गडी भलताच लवकर शिकला. पापड आवडत नाही म्हणणारे. त्यातल्या महिला. पन्नासच्या वर. बुवापाडा. आकडा आला: एक. शेठने खुशीत ‘मत वाचा’ दाबलं.

“पूर्वी पापड नुसत्या उडदाचा असायचा. आता तांदळाचं पीठ मिसळतात आणि पापडखार वाढवतात. अकरा वर्षं लाटतेय, मला काय शिकवता.”

मी उरलेला पापड ताटलीत ठेवला. खरं तर कारखान्यातल्या बाईला सर्व्हेत घ्यायचंच नसतं. पण सर्व्हेवाल्या पोरीचं टार्गेट पूर्ण होत नसणार आणि आई दारातच बसलेली असणार. तिला एक प्रश्न विचारला की ती पाच उत्तरं देते.

“अकरा साल? बुवापाडा?” शेठची खुशी उतरली. “ये तो रखमाबाई है.” त्याने खाली फोन लावला. “रखमाबाईला वर पाठव.”

शेठचं डोकं फिरलं की तो माणसाला त्याच दिवशी घरी बसवतो, हे मला आईनेच सांगितलं होतं.

“शेठ, ही चुकीची एन्ट्री आहे,” मी म्हणाले. “सर्व्हेची पोरं कधी कधी घरी बसून फॉर्म भरतात. असली कोणी बाई नसणार. मी आत्ता डिलीट करते.”

“एन्ट्री बरोबर आहे, मॅडम.”

आई दारात उभी होती. कोपरापर्यंत पीठ. रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि शेठकडे वळली. “मीच बोलले ते. तुम्हाला पण दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू.”

“मग बाहेरच्यांना कशाला सांगितलं?”

“त्यांनी विचारलं.”

शेठने माझ्या ताटलीतला पापडाचा तुकडा उचलून बराच वेळ चावला. गिळला, वर पाणी प्यायला, तोंड वाकडं केलं. “जाव, काम करो,” तो म्हणाला. “पिठाचं मी बघतो.”

आईची नोकरी वाचली. मी धावत जिन्यात तिला गाठलं.

“मॅडम काय म्हणतेस मला?”

“तुझ्या ऑफिसात मी घरीच असते ना?” ती थांबली. हे तिला कोणी सांगितलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. “ते जाऊ दे गं. नोकरी गेली असती तर दुसरी बघितली असती. पण तू मला चुकीची एन्ट्री म्हणालीस.”

ती खाली जाऊन पोळपाटासमोर बसली. मी तिथेच जरा रडले, नाक पुसलं आणि परत वर गेले. शेठ पुन्हा फिल्टर लावत बसला होता.

“शेठ, रखमाबाई माझी आई आहे.”

त्याने माऊस सोडला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

“तो उसको बैठने को क्यूं नहीं बोली?”