पाण्याच्या दिवशी बंद केलेला रस्ता

मित्रांनो, मला पाहिलं की तुमच्या कपाळाला आठी पडते, हे मला चांगलं ठाऊक आहे. घाईत निघालेला माणूस मला बघून गाडी थांबवतो, पुटपुटतो, कधी एखादी शिवीही हासडतो आणि वळसा घेऊन जातो. मी कुणाचं काय घोडं मारलं? मी रस्ता अडवणारा एक म्हातारा लोखंडी कठडा. पोलीस मला बॅरिकेड म्हणतात, लातूरकर बॅरिकेट म्हणतात. मला दोन्ही चालतं.

माझा जन्म मात्र कुणाला अडवण्यासाठी झाला नव्हता. भूकंपाच्या वर्षी आपल्या जिल्ह्यातली गावंच्या गावं एका पहाटे जमीनदोस्त झाली. उरलेल्या माणसांसाठी शेतात, माळावर पत्र्याची शेडं उभी राहिली. तशा एका शेडच्या कोपऱ्यातला मी लोखंडी अँगल होतो. माझ्या खिळ्याला भाकरीची टोपली टांगलेली असे. वारा सुटला की पत्रे असे काही धडधडत की आतली माणसं दचकून बाहेर पळत. मी तेव्हा जिवाच्या आकांतानं पत्रा धरून ठेवायचो. पुढं लोकांना पक्की घरं मिळाली, शेडं मोडली आणि मी भंगारात आलो.

तिथून मला जलीलभाई वेल्डरनं उचललं. लातुरात त्यांचं बापजाद्यांपासूनचं दुकान. त्यांनी मला कापलं, जोडलं, खाली आडवे पाय दिले, पिवळा रंग फासला, वर लाल पट्टे ओढले. "सीधा खडा रहना, बेटा. झुकना नै," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि हातगाड्यावर चढवून मला चौकीवर पोचवलं. खरं सांगतो, त्या दिवशी मी लई ऐटीत होतो.

मग शहर बदलत गेलं. आमच्या भागात घरागणिक क्लास निघाले. चाकूर, भोकर, कुठून कुठून आईबाप लेकरांना घेऊन यायला लागले. संध्याकाळी क्लास सुटला की पाठीवर दप्तर घेतलेल्या पोरापोरींचा नुसता लोंढा. अशा वेळी ऑटो आणि मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून मला गल्लीच्या तोंडाशी उभं करत. "हा हाय म्हणून बरं हाय बाई, न्हाईतर लेकरू हितं चेंगरून मरंल," असं एक आई म्हणाली होती. तेवढं एक कौतुक मी वर्षानुवर्षं पुरवून खाल्लं. कारण बाकी मला काय मिळालं? अंगावर मेस आणि होस्टेलच्या जाहिराती, दांड्यावर कुणाची तरी ओली चड्डी, आणि क्लासला सुट्ट्या लागल्या की चौकीमागच्या गवतात पडून राहणं.

पण ज्या दिवसाबद्दल सांगायला मी तोंड उघडलंय, तो दिवस वेगळाच होता. त्या दिवशी माझ्यामुळं एक लेकरू आंघोळीवाचून राहणार होतं.

झालं असं, की आमच्या भागातल्या काही मंडळींनी रविवारी सकाळी शहराची दौड ठरवली. पहाटे पाच ते दहा रस्ते बंद. त्यावरून गल्लीच्या तोंडाशी, माझ्या पुढ्यातच, खुर्च्या टाकून बैठक झाली. दौडीच्या बाजूनं बोलत होते विरूपाक्ष सर. क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतात आणि शेजारच्या सोसायटीत राहतात. माणूस सरळ, पण आपलं खरं करणारा.

"माझ्या वर्गात वर्षाराणी नावाची पोरगी आहे," सर म्हणाले. "सतरा वर्षांची. दोन जिने चढली की धापा टाकते. दिवसाचे चौदा तास खुर्चीत बसून राहिलेत हो ही लेकरं! वर्षातून एक सकाळ तरी त्यांना मोकळा रस्ता द्या."

त्यावर बिलकीसआपा उठल्या. आपा खालच्या गल्लीत शिवणकाम करतात. त्यांची लेक अलीझा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नुकताच तिला मुलगा झाला होता. "पळा की सर, कोण नको म्हणतंय? पर अकरा दिवसांच्या हिशेबानं आइतवारी आमच्या गल्लीत पानी येनार हाय. आन् त्याच दिवशी नातवाची छट्टी हाय, सहावा दिवस. नांदेडहून व्याही येनार. बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायचं हाय."

मित्रांनो, तुमच्या गावात नळाला रोज पाणी येत असेल तर तुम्हाला ही गोष्ट कळायची नाही. आमच्याकडं तेव्हा अकरा दिवसांनी पाणी यायचं. पाण्याच्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी दवाखान्याची तारीख घेत नाही. आणि आदल्या दिवशी घरोघर एकच काम असतं. उरलंसुरलं पाणी ओतून ड्रम, हौद, घागरी घासूनपुसून लख्ख करायच्या. ताजं पाणी शिळ्यात मिसळायचं नाही, ही इथली रीत.

"रस्ता बंद केला म्हणून नळ थोडाच बंद होतो, आपा?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. आपाही हसल्या. बैठक संपली, चहा झाला. आणि तिथंच सगळ्यांची चूक झाली. कोणकोणत्या गाड्या सोडायच्या त्याची यादी झाली. त्यात अँब्युलन्स होती, डॉक्टर होते, दूधवाला होता, पेपरवालाही होता. पण वॉल्व्ह खोलल्याशिवाय नळाला पाणी येत नाही आणि वॉल्व्ह खोलायला पालिकेचा चावीवाला संगप्पा लागतो, हे त्या चाळीस माणसांतल्या एकालाही आठवलं नाही. आपांनाही नाही.

रविवार उजाडला. पाचला मला रस्त्यात आडवं लावलं आणि विरूपाक्ष सर गळ्यात शिट्टी अडकवून माझ्याशेजारी उभे राहिले. पहिल्या तासातच तिघं आले. तिघांच्याही तोंडी एकच, "सर, पेशंट हाय." सरांनी बिचाऱ्यांना जाऊ दिलं. थोड्या वेळानं त्यातला एक हातात गरम पोह्यांचा पुडा घेऊन परत आला, वर सरांनाच म्हणतो, "घ्या की थोडे." सरांचं टाळकं सटकलं. "आता साक्षात ब्रह्मदेव आला तरी सोडणार नाही," असं ते मोठ्यानं म्हणाले.

आणि सात वाजता संगप्पा आला. साठीला टेकलेला माणूस, जुनी मोपेड, मागं आडवी बांधलेली वॉल्व्ह खोलायची, उभी केली तर छातीला लागेल एवढी लांब लोखंडी चावी. रात्री वीज गेली होती म्हणून टाकी उशिरा भरली होती. नाहीतर तो चारलाच वॉल्व्ह खोलून गेला असता.

"सर, बॅरिकेट सरकवा जरा. पानी सोडायचंय."

"पास आहे का?"

"कसला पास?"

सरांनी खिशातली यादी काढली. वरून खाली वाचली, परत एकदा वाचली. "तुमचं नाव नाही यात. रिंग रोडनं वळसा घ्या."

"तिकडूनबी बंद हाय सर. साडेसातच्या आत खोललं न्हाई तर पानी दुसऱ्या भागाला जातंय. मग हितली पाळी गेली अकरा दिवस."

सरांनी फोन लावला. आयोजक स्टेजवर होते, तिथल्या गाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? तेवढ्यात वळणावरून शाळा-कॉलेजातल्या पोरांचा जथा आला. दोनतीनशे पोरं. त्यात वर्षाराणी होती, लालबुंद झालेली, पण पळत होती. सरांचे डोळे चमकले. "शाब्बास, वर्षा! थांबायचं नाही!" ते ओरडले. मग संगप्पाकडं वळून म्हणाले, "मामा, आता या लेकरांच्या मधून गाडी घालू देऊ का? कुणाला लागलं तर?"

तेही खोटं नव्हतं. म्हणून तर मला तेव्हा काय वाटावं तेच कळेना. ही लेकरं सांभाळण्यासाठीच मी आयुष्यभर उभा होतो. पण ज्याला अडवायचं नाही त्यालाच मी अडवून धरलंय, हेही दिसत होतं. एक वीतभर सरकलो असतो तर मोपेड कडेकडेनं गेली असती. खरंच सांगतो, मला माझीच लाज वाटली.

संगप्पा खाली उतरला. त्यानं मोपेड बाजूला लावली, चावी सोडून खांद्यावर घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत चालत निघाला. वॉल्व्ह दीड किलोमीटरवर. पळणाऱ्या पोरांना वाटलं, हाही दौडीतलाच काहीतरी प्रकार आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो पोचला तेव्हा पावणेआठ झाले होते. पाणी गेलं होतं.

नवाच्या सुमाराला बिलकीसआपा माझ्यापाशी आल्या. हातात रिकामी घागर. पाणी वाटायचं टेबल माझ्या शेजारीच होतं. पोरं एक घोट घेऊन कागदी पेले माझ्या पायाशी फेकत होती. आपांनी त्या पेल्यांकडं पाहिलं.

"सर, पानी आलं न्हाई."

सरांच्या हातातली शिट्टी खाली आली. "आपा, तो चावीवाला... मीच अडवलं त्याला."

आपा रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी रिकामी घागर टेबलावर नेऊन ठेवली. सरांनी मग टेबलामागचे पाण्याचे पाच जार उचलायला लावले. वर्षाराणीनं पळण्याचा बिल्ला छातीवर तसाच ठेवून एक जार स्वतः उचलला. बाळाला त्या पाण्यानं न्हाऊ घातलं. नांदेडचे व्याही आले, जेवले, त्यांना काही कळू दिलं नाही.

दुपारी सर आपांकडं आले, तेव्हा त्या दारातच भेटल्या. "लेकराचं न्हाणं झालं सर. अल्ला तुमचं भलं करो. पर गल्लीत साठ घरं हायत. समद्यांनी काल ड्रम घासून पालथे घातलेत. त्यांनी अकरा दिवस काय करायचं, ते सांगा."

सर तसेच सोसायटीकडं वळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सोसायटीच्या बोअरवरून भिंतीपलीकडं पाइप सोडला, रोज एक तास. त्यावरून सोसायटीत केवढं रणकंदन माजलं! "आपलं बोअर आटलं तर कोण देणार पाणी?" असं लोक विचारत, आणि तेही काही वेडे नव्हते. दोन घरं अजून सरांशी बोलत नाहीत. पण अकरा दिवस पाइप चालू राहिला.

पुढच्या वर्षी परत बैठक. या वेळी सरांनी संगप्पाला हाताला धरून पहिल्या खुर्चीवर बसवलं. "मामा, पाण्याचा दिवस सोडून तारीख सांगा. त्या दिवशी दौड ठेवू."

संगप्पानं डोकं खाजवलं. "सर, पाळी एकदोन दिवस मागंपुढं हुतीया, नक्की कवा सोडायचं ते मलाच आदल्या सांजंला कळतंय. मी कुठून तारीख सांगू?"

झालं, पुन्हा भांडण! दौडच नको म्हणणारे, रस्ता बदला म्हणणारे, सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी आपाच म्हणाल्या, "दौड ठिवा. पर मामा आले तर पळनाऱ्यांनी थांबायचं. हाव का न्हाई?"

आणि तसंच झालं. त्या रविवारीही टाकी नेमकी उशिरा भरली. सरांना लांबून मोपेड दिसली. त्यांनी जोरात शिट्टी फुंकली, दोन्ही हात वर केले आणि धावणारा सगळा जथा जागच्या जागी उभा राहिला. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी जागेवरच पाय हलवत होतं. सरांनी मला दोन्ही हातांनी ओढून बाजूला केलं. संगप्पा मान खाली घालून, लाजत, मधून निघून गेला. अर्धं मिनिट लागलं असेल. पाऊण तासानं खालच्या गल्लीतून घागरी भरल्याचा आवाज आला.

मित्रांनो, मला रस्त्यात लावा, माझी तक्रार नाही. लेकरं पळताना बघायला मला आवडतं. पण मला लावण्याआधी पलीकडं कोण राहतं, त्यांचं काय अडेल, ते एकदा जाऊन विचारा. आणि माझ्याशेजारी असा माणूस उभा करा, जो यादीत नसलेल्याचंही ऐकून घेईल. कारण समोरचा खरं बोलतोय हे मला कितीही कळलं, तरी माझं मला सरकता येत नाही.