हनुवटीएवढी खिडकी

मित्रांनो, मी सरावलीच्या बालवाडीची एक जुनी, बुटकी खिडकी आहे. जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर.

आधी मी अशी नव्हते. एडवणच्या विश्राम गवंड्याने मला स्वतःच्या छातीशी मापून ठेवलं होतं. बालवाडी काढणाऱ्या शैलाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी पोरांना भिंतीशी उभं केलं आणि सगळ्यांत बुटक्याच्या हनुवटीशी कोळशाने रेघ ओढली.

"विश्रामदादा, खिडकी इथे."

"बाई, हितं मांजर येऊन बसंल! आमी अशी खिडकी कंदी ठेवली नाय."

"आलं तर त्यालाही बसवू वर्गात."

पुटपुटत त्याने विटा फोडल्या. पण कुणाची हनुवटी खरचटू नये म्हणून माझा काठ मात्र तळहाताने घोटून गुळगुळीत केला.

किती वर्षं गेली! दर जूनमध्ये रडवेले चेहरे माझ्यापाशी येत. बाहेर आई दिसली की हुंदके थांबत. दोन वेण्यांची एक मुलगी पप्पांच्या कंपनीच्या बसची वाट बघत माझे गज धरून उभी असायची. मग शैलाबाई थकल्या आणि माझ्यापुढे सतरंज्यांची चळत उभी राहिली. मला वाटलं, संपलं.

यंदा नवी खोली बांधायची ठरली. पालकांच्या सभेसाठी सतरंज्या अंथरल्या, तेव्हा कुठे मला उजेड दिसला. शैलाबाईही येऊन बसल्या. इंजिनिअर नीलेशने नकाशा उलगडला. तीन वर्षांच्या भाग्येशची आई, प्रतीक्षा, लगेच उभी राहिली.

"ही खिडकी आधी बुजवा. मूल चढेल, साप येईल, कुणी बाहेरून हात घालील. नव्या खिडक्याही चार फुटांवरच ठेवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नीलेशने नकाशात माझ्यावर लाल पेन्सिलीने फुली मारली.

तेवढ्यात माझ्यापाशी उभ्या भाग्येशने गळा काढला. त्याला समजवायला प्रतीक्षा माझ्यापाशी खाली बसली.

"आई, बस बघ!"

तिने वाकून काठावर हनुवटी टेकली. हनुवटी बसली ती नेमकी तिथेच, जिथला रंग पार उडाला होता. बाहेरून बस गेली. तिचा हात आपसूक माझ्या गजावर गेला.

"बाई, मी इथेच उभी असायचे ना?"

"पप्पांची बस येईपर्यंत हलायची नाहीस," म्हाताऱ्या शैलाबाई हसल्या. "डबासुद्धा इथेच."

प्रतीक्षा वळली. "नीलेशदादा, जरा खाली बसा."

"मॅडम, पँट..."

"बसा हो! चार फुटांवरच्या खिडकीतून इथून काय दिसेल, सांगा."

तो बसला. मान वर करून बघत राहिला. "आभाळ. तेही अर्धं," असं म्हणून त्याने खोडरबर काढलं.

"पण बाहेरून जाळी हवी हं," प्रतीक्षा म्हणाली. "बारीक. आणि गजांतून डोकं जाता कामा नये." काळजी काही एका दिवसात सुटत नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही लहानांसाठी काही बांधाल, तेव्हा टेप काढण्याआधी क्षणभर जमिनीवर बसा. एवढंच मागते.

आता रोज सकाळी भाग्येश माझ्या काठावर हनुवटी टेकतो. जाळीपलीकडे प्रतीक्षा उकिडवी बसते, त्याच्या डोळ्यांसमोर येईल इतकी खाली. तो हसला की मगच ती उठते.