दुपारचा फ्रीज

अक्काच्या घरी दुपारी कुणी मोठ्यानं बोलत नसे. ही सवय फार जुनी. भावोजी बेकरीत रात्रपाळीला होते. पहाटे भट्टीवरून सुटले की केसांत पीठ घेऊनच घरी येत, अंघोळ करत, घरातली बारीकसारीक कामं उरकत आणि जेवून आडवे होत. ते उठेपर्यंत सारं घर चवड्यांवर चाले. लग्नाआधी मी अक्काकडे राहायला जायची, तेव्हा नळ कसा सोडायचा हेसुद्धा तिनं मला शिकवलं होतं. बादलीत फडकं सोडायचं आणि धार त्याच्यावर धरायची, म्हणजे आवाज होत नाही. माझी भाची तेव्हा रांगत होती. तिचा खुळखुळा दुपारी कपाटात जाई.

त्या भाचीला आम्ही चिमणी म्हणायचो. आता ती एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, तिला बघून वर्गच्या वर्ग चिडीचूप होतात, पण आमच्या तोंडातून चिमणी काही जात नाही. भावोजींना निवृत्त होऊन तर जमाना झाला. आता त्यांच्या कानाशी ढोल बडवला तरी ते "काय म्हणालीस?" एवढंच विचारतात.

या वर्षी भावोजींचं पोट बिघडायला लागलं. एकदा झालं, बरं वाटलं. पुन्हा झालं, पुन्हा बरं वाटलं. तिसऱ्या खेपेला मात्र ते न्हाणीघराच्या दारातच खाली बसले आणि त्यांना उठता येईना. दवाखान्यात नेलं तेव्हा जीभ लाकडासारखी झाली होती.

डॉक्टरीणबाई चिमणीच्या लेकीच्या वयाच्या. पण बोलणं स्पष्ट.

"या वयात अंगातलं पाणी असं गेलं की सांभाळणं कठीण असतं, आजी. या वेळी निभावलं. पुन्हा झालं तर मी खात्री देणार नाही. रात्री काय जेवले होते?"

"भात," अक्का म्हणाली. "यांना रात्री भातच लागतो. जन्मभर पाव भाजले, आता पावाकडे बघवत नाही म्हणतात. मी आपली चहात पाव बुडवून खाते."

"भात कधीचा होता?"

"आदल्या सकाळचा. यंदा माझे गुडघे धरलेत, रोज दोनदा ओट्याशी उभं राहवत नाही. पण फ्रीजमधला होता, आणि खळखळून गरम करून दिलेला."

"शिजलेला भात तासन् तास उबेत राहिला ना, की नंतर कितीही गरम करा, उपयोग होत नाही. जे व्हायचं ते त्यात आधीच झालेलं असतं. वासही येत नाही कधीकधी."

"उबेत कशाला राहील?" अक्काचा आवाज चढला. "फ्रीज आहे घरात."

चिमणीनं मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"मावशी, तू आईकडे राहायला जा. स्वयंपाकघरात काय चाललंय ते बघ."

"मी काय हेर आहे?"

"तू तिची बहीण आहेस. मी विचारलं की भांडण होतं. बाबांना मी आता माझ्याकडेच नेणार आहे. आईला म्हटलं, तूही चल, तर म्हणते माझं घर सोडून मी कुठं जाणार नाही."

"दोघांना वेगळं करशील? या वयात?"

"मग काय करू? पुन्हा त्यांना असं उचलून आणू?" तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसली. "काहीतरी सापडू दे, मावशी. निदान कारण तरी कळू दे. कारण कळलं तर ते घरी जाऊ शकतील."

अक्काला मी काही सांगितलं नाही, पण ती काय दूधखुळी आहे? घरी पोचताच तिनं फ्रीजचं दार सताड उघडलं.

"घे. झडती घे. तुझ्या भाचीनं पाठवलंय ना? तिला सांग, माझ्या हातचं जेवून माणूस म्हातारा झालाय, आजारी नाही."

मी खरंच बघितलं. बघण्यासारखंच होतं ते. प्रत्येक वाटीवर झाकण, प्रत्येक पातेल्यावर ताटली. सार बरणीत, अंडी खोबणीत, चिरलेली भाजी कोरड्या फडक्यात. कच्चं खाली, शिजलेलं वर. आमच्या आईचंच वळण. तेव्हा फ्रीज कुठला! आई परातीत गार पाणी घ्यायची, त्यात दुधाचं पातेलं ठेवायची आणि वर ओलं फडकं. संध्याकाळी ती प्रत्येक भांड्यावर वाकून वास घ्यायची. डोळे मिटून, जणू कुणाचं गुपित ऐकते आहे. जरा शंका आली की ते भांडं बाहेर. आम्ही दोघी मागे उभ्या राहून तिच्या नाकपुड्यांकडे बघायचो आणि एकमेकींना चिमटे काढायचो. अक्कानं ते सगळं उचललं होतं. चार तासांच्या दुधाचाही ती वास घ्यायची. त्या घरात शिळं खाऊन माणूस आजारी पडेल, हे मलाही पटेना.

"सापडलं काही?" अक्कानं विचारलं.

"तुझ्या फ्रीजमध्ये माझ्या कपाटापेक्षा शिस्त आहे."

"तुझ्या कपाटापेक्षा उकिरड्यालाही शिस्त असेल." ती हसली, आणि हसता हसता एकदम तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या मला यांना घरी आणू देणार नाहीत ना गं? चिमणी आणि ती डॉक्टरीण?"

"बघू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. आल्यावर अक्कानं भात टाकला, दोन दिवसांचा, सवयीनं मोठ्या पातेल्यात. आम्ही जेवलो. उरलेला भात निवत ठेवला, मग झाकून फ्रीजमध्ये. मी मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंच्या बोलण्याशी एकेक गोष्ट ताडून बघत होते. सगळं बरोबर होतं.

अक्का पदराला हात पुसत झोपायच्या खोलीकडे निघाली. फ्रीज त्या खोलीच्या भिंतीलाच टेकून आहे, जुना, सुरू होताना म्हाताऱ्या बैलासारखा अंग थरथरवणारा. त्याच्यापाशी येताच तिनं डावा हात वर केला, भिंतीवरचं बटण बंद केलं आणि न थांबता पुढं गेली. फ्रीजनं एकदा हुंदका दिला आणि तो गप्प झाला.

मी दारात उभी होते. मला वाटलं, ती आता मागे वळेल. ती खाटेवर कडेला आडवी झाली, भावोजींची जागा मोकळी ठेवून, आणि डोळे मिटले.

आणि मला ते सगळं आठवलं. भावोजींनी हप्त्यावर फ्रीज घेतला तेव्हा शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या होत्या. पण त्याची धडधड भिंतीतून थेट खाटेत जायची आणि रात्रपाळीचा माणूस दचकून उठायचा. म्हणून ते झोपले की अक्का बटण बंद करायची आणि ते उठले की लावायची. तेव्हा त्यात असायचं काय? थोडं लोणी, दूध. दूधही दुपारी उकळलं जायचं. रात्रीचा स्वयंपाक रात्री व्हायचा. कुणाला काही झालं नाही.

मी बटण लावायला गेले आणि थांबले. बघू तरी, म्हटलं.

चहाच्या वेळी अक्का उठली. बाहेर येताना तोच हात वर गेला. फ्रीज थरथरला.

"अक्का," मी म्हटलं, "फ्रीज का बंद केला होतास?"

"कुणी?"

"तू. झोपायला जाताना."

"मी?" ती आधणाचं पाणी मोजत होती. "मी कशाला बंद करू? भात आहे आत. तुझं आपलं काहीतरीच."

ती खोटं बोलत नव्हती. बहिणीचा चेहरा मला कळतो. मी तिचा हात धरून तिला फ्रीजपाशी नेलं, दार उघडलं आणि तिचा तळवा भाताच्या पातेल्याला लावला. पातेलं कोमट होतं. आतली हवाही दमट, बंद खोलीसारखी.

तिनं दुसराही तळवा पातेल्याला लावला. मग म्हणाली, "हे झोपतात ना दुपारी."

"भावोजी घरात नाहीत, अक्का. आणि असते तरी त्यांना काय ऐकू येतं?"

"नाही येत," ती म्हणाली. "मला माहीत आहे की नाही येत."

चहा राहिला. ती ओट्याशी खुर्ची ओढून बसली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली.

मी चिमणीला फोन केला. तिनं सगळं ऐकलं आणि पलीकडे तिच्या तोंडून सुस्काराच निघाला. "एवढंच? मावशी, एवढंच? अगं, मग तर सोपं आहे. उद्याच वायरमनला बोलावते, ते बटणच काढून टाकू. आईला म्हणावं, बाबा घरी येताहेत."

मी अक्काला सांगितलं. मला वाटलं, तिला हायसं वाटेल.

"बटण काढशील," ती म्हणाली. "पण मला न कळवता हा हात आणखी काय काय करतो, ते कोण सांगणार? गॅस? यांच्या गोळ्या? यांना मी दोन वेळा देते की चार वेळा?"

"काहीतरी मनात आणू नकोस. एक जुनी सवय ती."

"काल तू विचारलं असतंस तर देवाशपथ म्हटलं असतं मी, फ्रीज चालूच असतो म्हणून."

 

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चिमणी आमच्या आधी येऊन बसली होती. भावोजी उशीला टेकून बसले होते, दाढी केलेले, चेहरा उजळलेला. अक्का त्यांच्या कानाशी वाकली. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, त्यामुळे ते साऱ्या वॉर्डनं ऐकलं.

"माझ्यामुळं झालं हे. मी दुपारी फ्रीज बंद करत होते."

"काय म्हणालीस?"

"फ्रीज. बंद करत होते. तुम्हाला झोप लागावी म्हणून."

भावोजींनी थोडा विचार केला. "कशाला?" ते म्हणाले. "मला कुठं ऐकू येतं?"

पलीकडच्या खाटेवरचा माणूस हसला. चिमणीही हसली, डोळे पुसत. भावोजींनाही आपण काही विनोद केला असं वाटलं आणि ते खूश झाले. "घरी कधी जायचं?" त्यांनी विचारलं. "इथला भात म्हणजे नुसती खळ."

"लवकरच, बाबा," चिमणी ओरडली. "आई सगळं नीट करणार आहे आता. हो ना, आई?"

तेवढ्यात दवाखान्याची बाई सूप घेऊन आली आणि सवयीप्रमाणे वाटी अक्काच्या पुढे केली. भावोजींनी तोंड पुढं केलं. दवाखान्यात आल्यापासून अक्काच भरवत होती, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती.

अक्कानं वाटी घेतली. चमच्यानं ढवळलं. नाकाशी नेऊन वास घेतला, आईसारखा, डोळे मिटून.

मग तिनं वाटी लेकीच्या हातात दिली.

"तू भरव," ती म्हणाली. "आणि त्यांना तुझ्याकडेच ने."