दोन भोकं मागे

गिअरबॉक्स मी आठ दिवसांत तीन वेळा उघडला. एवढ्यांदा मी घरातलं कपाटसुद्धा उघडत नाही. दर वेळी आत सगळं जागच्या जागी. दाते शाबूत, तेल स्वच्छ. लिव्हरखालची रबरं बदलली, क्लचच्या नळीतली हवा काढली, इंजिन ज्यावर बसतं ती माउंट हलवून पाहिली. तरी माझी मुलगी शर्यतीच्या ट्रॅकवर गेली की दुसऱ्यातून तिसरा गिअर पडायचा नाही.

डोकं फिरवणारी गोष्ट ही, की मी चालवायला बसलो की तो निमूट पडायचा. आवारात मुलगी बसली तर तिलाही पडायचा. खांद्यांवरून आणि कमरेवरून पट्टे आवळून ती ट्रॅकवर गेली की मात्र करकर व्हायची आणि लिव्हर परत न्यूट्रलला. तीस वर्षं हा धंदा करतोय, पण माणूस बघून रुसणारा गिअरबॉक्स मी पाहिला नव्हता.

गाडीचा मालक तसा वाईट माणूस नाही. त्याला फक्त वाट बघता येत नाही. शुक्रवारी दुपारी सरावाची शेवटची तीस मिनिटं उरली, तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही म्हणता गाडीत दोष नाही."

"सापडला नाही म्हणतो."

"तेच ते. मग दोष कुठे आहे, हे मी सांगायला नको. आज परत तिसरा चुकला तर रविवारच्या शर्यतीत माझा भाचा बसेल. तुमची लेक आहे म्हणून इतके दिवस थांबलो."

मुलगी दारापाशी हातमोजे चढवत होती. तिने सगळं ऐकलं होतं. सात वर्षं ती या एका रविवारसाठी मेहनत करत होती. दुसऱ्यांच्या गाड्या धुतल्या, टायर वाहिले, मिळेल त्या खटाऱ्यात बसून फेऱ्या मारल्या. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाली, "बाबा, खरं सांगा. माझ्या हातातच काही आहे का?"

मी म्हणालो, "हात जरा हलका ठेव."

हे वाक्य मला अजून टोचतं. खरं सांगायचं तर तोवर मलाही वाटायला लागलं होतं, की दोष तिच्यातच आहे.

पट्टे मीच आवळले. ते दुसऱ्या कुणाला मी आवळू देत नाही. दहा वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर मी स्वतः भिंतीला धडकलो होतो आणि स्टिअरिंगने माझ्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. मुलगी गाडीत बसायला लागली तेव्हा तिची आई मला एकच वाक्य बोलली, "तुम्ही तिथे आहात म्हणून पाठवते." तेव्हापासून दर फेरीला माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

पहिली फेरी नीट गेली. मी कठड्याला टेकून नुसता ऐकत होतो. पहिला, दुसरा, तिसरा. दुसऱ्या फेरीत उजव्या वळणाच्या शेवटी करकर झाली, पण पडला. तिसऱ्या फेरीत इंजिन नुसतंच किंचाळलं. गिअर नाही. ओढ गेलेली गाडी वळणाच्या बाहेर सरकत गवतात उतरली आणि मागून आलेल्या गाडीने तिला कसंबसं चुकवलं. मालक भाच्याला फोन लावायला लागला.

गाडी हळूहळू आत आली. मुलीने हेल्मेट काढलं नाही. ती रडत होती हे मला हेल्मेटची काच खाली असूनही कळलं. मी दार उघडून तिथेच गुडघ्यावर बसलो. काय बघायचं तेही सुचत नव्हतं, म्हणून पेडलांकडे बघत म्हणालो, "क्लच दाब."

तिने दाबला. पेडल आणि खालच्या पत्र्यावरचा थांबा यात दोन बोटांचं अंतर उरलं.

"पूर्ण दाब."

"पूर्णच आहे."

"आणखी."

तिने पाऊल ताणलं. उंच फळीवरचा डबा काढताना माणूस चवड्यांवर उभा राहतो, तसं. तरी एक बोट उरलंच. पट्ट्यांनी तिला मागे धरून ठेवलं होतं. आवारात पट्टे नसताना ती बसल्या जागी पुढे सरकायची, म्हणून तिथे गिअर पडायचा. माझे पाय लांब, मला कधीच अडचण आली नाही. क्लच पुरता सुटतच नव्हता, तर तिसरा पडणार कसा? आणि तिसऱ्यासाठी लिव्हर पुढे ढकलावा लागतो, तिथवर एवढ्या मागून तिचा हातही जेमतेम पोचत होता.

सीट मागे होती.

कुणी नेली, हे मला शोधावं लागलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी, सराव सुरू व्हायच्या आधी, मुलगी नसताना, मीच चार बोल्ट काढून ती पट्टीवर दोन भोकं मागे बसवली होती. तिची छाती स्टिअरिंगपासून जरा लांब राहावी म्हणून. तिला ताकास तूर लागू दिली नव्हती. "सीट मागे वाटते का हो बाबा?" असं तिने विचारलंही होतं, आणि मी म्हणालो होतो, "नवी गादी आहे, बसेल." थाप मारली आणि विसरून गेलो. मग आठ दिवस दोष गिअरबॉक्समध्ये शोधत बसलो.

मूग गिळून बसता आलं असतं. बोल्ट ढिले झाले होते म्हणालो असतो तर कोण विचारणार होतं? मी मालकाला हाक मारली.

"फोन ठेवा. दोष माझा आहे." आणि दोघांसमोर सगळं सांगितलं.

मालकाने फोन कानावरून काढला. "मिस्त्री, आठ दिवस मी हिला बोल लावतोय. आणि तुम्ही उभे राहून ऐकताय?"

मुलीने हेल्मेट काढलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी आठ दिवस झोपले नाही, बाबा. स्वयंपाकघरात उभी राहून लाटण्यावर गिअर टाकत होते. एकदा सांगायचंत तरी."

"तू पुढे घे म्हणाली असतीस."

"हो. म्हणालेच असते."

"बारा मिनिटं उरलीत," मालक म्हणाला. "भांडण नंतर करा."

ती उतरली. मी पाना घेतला. चार बोल्ट, दोन भोकं पुढे. एरवी डोळे मिटून करतो ते काम, पण एक बोल्ट हातातून दोनदा पडला. ती परत बसली. मी स्टिअरिंग आणि तिच्या छातीच्या मध्ये हात धरून पाहिला. अंतर बरोबर होतं. होतं तेवढंच असायला हवं होतं. मला ते फार कमी वाटलं. तिने क्लच दाबला. पेडल थांब्याला टेकलं.

मी मागे सरून मालकाला म्हणालो, "पट्टे तुम्ही आवळा. माझ्या हातांवर आता माझाच भरवसा नाही."

"नाही," मुलगी समोर बघत म्हणाली. राग अजून गेला नव्हता. "तुम्हीच आवळा. तुमच्याइतकं घट्ट कुणी आवळत नाही."

मी आवळले. एकेक पट्टा दोनदा ओढून पाहिला. ती गेली.

उजव्या वळणाच्या शेवटी दुसरा संपला, क्षणभर आवाज बसला आणि तिसरा स्वच्छ पडला. पुढच्या फेरीतही पडला. त्याच्या पुढच्याही. मालकाने फोन खिशात ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "रविवारी हीच."

मी मान हलवली. माझा हात बरगड्यांवर होता, तो काही खाली येईना. तिसरा पडत होता, म्हणजे गाडी आता भिंतीजवळून आधीपेक्षा जोरात जात होती.