टाचेखालची माती

बिसराम इंजिनशेडात फिटर होता. चाळिशी उलटली तरी गोंदियाच्या रेल्वे संघाचं त्याच्यावाचून पान हलत नव्हतं. बॅट घेतली की धावा, बॉल घेतला की गडी. हा खेळ तो त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यात शिकला होता. बाप सुखराम तरुणपणी गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडे गेला, बिसराम तिकडेच जन्मला आणि बाविसाव्या वर्षी बापासोबत परत आला.

त्या परतीचा त्याच्या मनात सल होता. बेटाच्या संघाची निवड व्हायची होती, त्या सामन्याची चिठ्ठी बिसरामला आली आणि त्याच आठवड्यात परतीचं जहाज सुटणार होतं. बाप जातीचा कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांतला. गावच्या तलावाची पाळ पुन्हा बघायचा त्याला ध्यास. बिसरामनं चिठ्ठी पेटीच्या तळाशी टाकली, ब्रही काढला नाही. वीस वर्षांत म्हातारा एकदाही त्याचा खेळ बघायला आला नव्हता. यंदा गुडघा कुरकुरू लागला, तेव्हा बिसरामनं हात जोडले. "बाबा, हा आखरीचा खेळ. एकडाव तरी पाहा न!"

म्हातारा आला तो थेट खेळपट्टीवर! अनवाणी, टाचा आपटत, नव्या पाळीवरून चालावं तसा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पंच ओरडला, नागपूरचे पाहुणे खो खो हसले आणि बिसराम लाजेनं अर्धमेला झाला.

त्यानं बेचाळीस धावा काढल्या. त्या वेळी म्हातारा चिंचेखाली खुशाल घोरत होता. आता काय बोलावं!

दुपार कलली. नागपूरचा शेवटचा गडी उरला, धावा हव्या होत्या सात. त्यांच्या दांडगट फलंदाजानं बिसरामचा बॉल असा हाणला की तो सीमेपार चिंचेखाली गेला. उरल्या तीन. बिसराम लंगडत बॉल आणायला गेला, तर म्हाताऱ्यानं त्यावर पाय ठेवलेला.

"बाबा, द्या न! काऊन धरून राहिले?"

"आंधी आयक. त्या गड्याच्या पुडं, उजव्या अंगाले, चार हातावर माती पोटात वली आहे. वरून रूळ फिरवला, पन तुडवन नाही झाली. आपली पाळ असती, तं तिथूनच फुटली असती."

बिसरामनं बापाकडे पाहिलं. मग जाऊन बॉल बरोबर तिथंच टाकला. बॉल पडला, अडला, वळला आणि फलंदाजाची बॅट हवेत फिरेपर्यंत मधली दांडी आडवी झाली. पोरांनी बिसरामला खांद्यावर घेतलं.

घरी जाताना म्हातारा म्हणाला, "ते तिकडची चिठ्ठी हाये न अजून पेटीत?"

बिसराम जागीच थांबला. "तुमाले मालूम होतं?"

"जहाजावर पेटी उघडली, तवा सापडली. मुनशीनं वाचून दाखवली."

"मंग बोलले काऊन नाही?"

"जहाज निंगलं होतं, बाबू." म्हातारा पायाखालच्या मातीकडे पाहत म्हणाला. "तुह्यासमोर बसून तुहा खेळ पाहाची मले हिंमत नाही झाली."

बिसरामच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांची अढी कुठं गेली, त्यालाही कळलं नाही. त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला. दोघं बरंच अंतर तसेच चालले.

"पुडचा खेळ कवा आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं. "माती मी आंधीच पाहून ठेवतो."

बिसरामनं सुजलेला गुडघा चोळला.

"होळीच्या आंधी," तो म्हणाला.