चाळीस पाठी आणि एक खूर

मित्रांनो, गोठ्याच्या खिडकीत तो चेपलेला, बुडाला गंजलेला डबा दिसतोय ना, तोच मी. मेंढ्यांच्या औषधाचा जुना निळा फवारा. आता आत काही उरलेलं नाही. हलवलंत तर नुसती गोळी खुळखुळते. विलायतेतल्या ह्या कंब्रियाच्या डोंगरावरनं धुकं उतरतं, काचेला गाल लावून बसतं, आणि मला डुलकी लागते.

डुलकीत मला माती दिसते. माझ्यातलं औषध मुळात मातीतल्या एका बारक्या जिवाकडनं आलं. पुढं कारखाना, टाक्या, निळा रंग, सगळं झालं. पण स्वप्नात येते ती मातीच. ओली, काळी, गप्प.

माझं काम ऐका. जंतूच्या पोटात बारके बारके कारखाने असतात. माळेत मणी ओवावेत तशी तिथं प्रथिनं ओवली जातात. त्यावरच जंतू वाढतो. मी आत शिरतो आणि मणी यायच्या जागेवर ठाण मांडून बसतो. माळ तिथंच अडते. मी जंतूला मारत नाही हां, नुसता वाढू देत नाही. उरलेली मारामारी मेंढीचं रक्त करतं. शाबासकी मात्र मला मिळते.

मला इथं आणलं जॉस फोदरगिलनं. साठीचा गडी, गुडघा दुखरा, तोंड फाटकं. लंगडी मेंढी दिसली की तिला उलटी बसवायचा, खूर साफ करायचा, आणि मला दाबायचा. फुस्स! आठवड्यात मेंढी टुणटुण चालायला लागायची. जॉस माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "ह्या निळ्याला डॉक्टरची पाटी लावून द्या रे!"

पण कौतुक वाढलं आणि घात झाला. कुत्र्याला ओरखडा, मार निळा. बोकडाचं शिंग खरचटलं, मार निळा. त्याची थोरली बहीण नेली ओरडायची, "जॉस, उद्या माझ्या केकवर पण मारशील!"

"कडक झाला तर मारीन की," जॉस हसायचा.

मग शरदातला तो दिवस आला. मेंढ्या डोंगरावरनं खाली आणलेल्या. बाजाराला जाणाऱ्या चाळीस मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायची, आणि खुणेचा लाल रंग संपला. जॉसनं मला उचललं.

"अरे, ते औषध आहे!" नेली म्हणाली.

"निळं आहे ना? मग झालं."

चाळीस धडधाकट पाठी. फुस्स, फुस्स, फुस्स. मी आतल्या आत रिता होत गेलो.

सगळ्यांच्या शेवटी आली म्हातारी मेंढी, डचेस. लंगडत. मित्रांनो, आमच्या डोंगराला कुंपण नाही. आपली हद्द कुठली, ते मेंढी आईच्या मागं चालून शिकते. आमच्या कळपात ती हद्द डचेसला पक्की ठाऊक. ती पुढं, बाकीच्या मागं. यंदाची कोकरं अजून शिकायची होती.

जॉसनं तिचा खूर वर धरला, मला दाबलं. फु... एवढंच. खुरावर फिकट निळा थर बसला, औषध म्हणावं असं काहीच नाही.

"झालं बघ, निळं झालं," जॉस म्हणाला, आणि तिला डोंगरावर सोडलं. मला ओरडावंसं वाटलं. रंग म्हणजे मी नव्हे रे बाबा! पण डब्याला तोंड एकच, आणि तेही रिकामं.

दहा दिवसांनी ती पडलेली सापडली. सांध्यापर्यंत पू. जनावरांच्या डॉक्टरीणबाई रिग आल्या, खूर बघितला, मला हलवून बघितलं.

"जॉस, खरं सांगा. बाकीचं कुठं गेलं?"

जॉसनं बाजाराच्या दिशेनं हात केला. "पाठीवर."

"कुठंही मारलंत की औषध पचवायला जंतू शिकतात हो. शिकले, की खऱ्या दुखण्याला नवा डबासुद्धा पुरा पडायचा नाही."

जॉसनं मला खिडकीत नेऊन ठेवलं.

डचेस वाचली. पण खुराच्या दोन नखांतलं एक काढावं लागलं. आता ती खालच्या कुरणात असते. डोंगर तिला झेपत नाही.

आणि कोकरं? जॉस रोज सकाळी काठी घेऊन वर चढतो. दुखऱ्या गुडघ्यानं हद्दीवरनं चालतो, मागनं कोकरं. नेली फाटकातनं त्याला चिडवते, "काय गं डचेस, आज लवकर निघालीस!" तो काठी उगारतो, हसतो, आणि चढत राहतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं. जिथं दुखतं तिथंच आम्हाला लावा, आणि लावाल तेव्हा पुरतं लावा.

धुक्यात आता लंगडणारी एक आकृती वर चाललीय. खाली कुरणात डचेस मान वर करून बघते. जॉस वाट चुकला की ती ओरडते. तो थांबतो, आणि वळतो.